धरमपेठेतला रविवारचा चित्रवर्ग : हवामानबदल अमूर्त रंगांत मांडायला शिकताना

मागच्या उन्हाळ्यात मी केलेल्या चित्रवर्गाबद्दल कॉलेजातले सहकारी, शेजारी, काटोलकडचे नातेवाईक असे बरेच जण विचारत असतात, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते.

वर्ग धरमपेठ-गोकुळपेठ भागात एका जुन्या बंगल्याच्या मागच्या पडवीत भरतो. शिकवणाऱ्या ताई नागपूरच्याच शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकलेल्या. आपलं नाव कुठे छापून यावं असं त्यांना वाटत नाही, म्हणून इथे नुसतं ताई. काम सगळ्यांना एकच असतं. आपण वर्षानुवर्षं पाहत आलो अशी एक जागा निवडायची, तिचं अमूर्त निसर्गचित्र करायचं आणि त्या जागेचं हवामान कसं पालटलं ते पाहणाऱ्याला जाणवून द्यायचं. झाड झाडासारखं काढायचं नाही, घर घरासारखं काढायचं नाही. रंग, पोत, थर आणि मोकळी जागा, एवढ्यावरच भागवायचं.

मी ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवते. हवामानबदलाचा धडा दरवर्षी येतो. जागतिक तापमानाचा आलेख फळ्यावर काढला की मुलं तो नीट उतरवून घेतात, परीक्षेत बरोबर काढतात आणि विषय तिथंच संपतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाखांत ४२० भागांच्या वर गेला, औद्योगिक काळाआधीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून जास्त तापलेलं पहिलं वर्ष म्हणजे २०२४, भारतातही १९०१ पासूनच्या नोंदींत तेच सर्वांत उष्ण, हे सगळं मी सांगते. पण दीड अंश ऐकून नागपूरच्या मुलाला काय वाटणार? पहाट आणि दुपार यांच्यातला फरकच इथं कितीतरी मोठा असतो. आकडा आणि अंगाला लागणारं ऊन यांचा मेळ मुलांच्या मनात कसा घालायचा, हे शिकायला मी गेले. चित्रकार व्हायचं माझ्या मनात नव्हतं.

आधी व्यवहाराचं सांगते. पूर्ण तुकडीसाठी प्रत्येकी फी ४,५०० रुपये. त्यात रंग, गेसो (कॅनव्हासला आधी द्यायचा अस्तराचा थर), मिडियम (रंग बांधून धरणारा द्रव) आणि दोन कॅनव्हास येतात. ब्रश आपले आपण न्यायचे. वेळ रविवारी सकाळी ७ ते १०. उन्हाळी तुकडीत १० च्या पुढे कोणी थांबतही नाही. पडवीचं तोंड उत्तरेला आहे, त्यामुळे उजेड सारखा राहतो आणि रंग खरे दिसतात. वाळ्याच्या ताट्या लावलेला मोठा कूलर आहे, त्याची टाकी सगळ्यांनी पाळीपाळीने भरायची. मधल्या सुट्टीत ताक मिळतं. गाडी गल्लीत सहज लागते. बंगल्याच्या पायऱ्या मात्र उंच आहेत आणि कठडा नाही. गुडघे दुखत असतील तर सोबत कोणाला तरी न्या.

पहिल्या रविवारी ब्रश हातात देत नाहीत. ताई प्रत्येकाला समोर बसवून विचारतात, "जागा कोणती? तिथं कोणत्या महिन्यात कोणता रंग असायचा? आता कोणता आहे? आणि तुम्ही हे कशाच्या आधारावर सांगून राहिले?" शेवटच्या प्रश्नावर बरेच जण अडतात. 'पूर्वी असं नव्हतं' एवढं प्रत्येकाला म्हणता येतं. त्याला नोंद हवी. जुने फोटो चालतात, हवामान खात्याचे आकडे चालतात, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं सांगणं चालतं, पण ते तारीख-महिन्यासकट लिहून आणायचं. चित्र पूर्ण झालं की कॅनव्हासच्या मागे प्रत्येक मुख्य रंगाचं कारण लिहावं लागतं. ज्या रंगाला कारण नाही तो ताई काढायला लावतात. या वर्गाची खरी किंमत या अटीत आहे. ती अट नसती तर भिंतीला शोभणारी, सोफ्याशी जुळणारी चित्रं तयार झाली असती आणि हवामानाचं नाव फुकट जोडलं गेलं असतं.

मी काटोलजवळची आमची संत्र्याची बाग निवडली. आता ती दादा पाहतो. बाबांच्या बागेच्या वह्या माझ्याकडे आहेत: पाणी कधी तोडलं, ताण किती बसला, पहिलं फूल कधी दिसलं, गळ किती झाली, पाऊस, गारा. ज्यांच्या घरी संत्रा नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. संत्र्याला बहार हवा असेल तर आधी झाडाचं पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो. आंबिया बहारासाठी डिसेंबरात ताण द्यायचा, जानेवारीत पाणी सोडायचं, मग फेब्रुवारीच्या सुमारास बाग फुलते. मृग बहारासाठी मे महिन्यात ताण आणि जूनच्या पहिल्या पावसावर फूल. सगळा खेळ ठरलेल्या वेळी कोरडं आणि ठरलेल्या वेळी ओलं असण्याचा. मे महिन्यात अवकाळी पाऊस आला तर ताण मोडतो. फुलावर गारा पडल्या तर आंबिया गेला. उन्हाळा जास्त तापला तर बोराएवढी झालेली फळं गळतात. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या भूगोलातलं ऋतूंचं वेळापत्रक आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. बाबांच्या वह्यांत अक्षर तेच आहे, शाई तीच आहे, पण नंतरनंतरच्या पानांवर समासात लिहिलेल्या अवेळच्या पावसाच्या नोंदी वाढत जातात. वर्गात ही पानं उलटून दाखवताना मला बोलणं जड गेलं.

वही वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझ्या चित्रातला महत्त्वाचा रंग नारिंगी नाही, पांढरा आहे. फुलांचा पांढरा, गारांचा पांढरा आणि मे महिन्यातल्या दुपारचा पांढरा.

हा तिसरा पांढरा म्हणजे मला या वर्गात मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. ऊन काढा म्हटलं की बहुतेकांचा हात लाल-केशरी रंगाकडे जातो. आमच्या तुकडीतही तसंच झालं. त्यावर ताईंनी सगळ्यांना नवतप्यातल्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, दुपारी, डोक्याला ओला दुपट्टा बांधून, दोन-चार मिनिटंच घराच्या गच्चीवर उभं राहून पाहायला सांगितलं. पाहिलंत तर दिसेल की त्या वेळी लाल काहीच नसतं. आकाश निळं राहत नाही, धुरकट पांढरं होतं. सिमेंटचा रस्ता पांढरा, समोरची भिंत पांढरी, कडुनिंबाच्या पानांवरचा उजेड पांढरा, आणि सावल्यांच्या कडा डोळ्यांना टोचतात. रंग जणू पुसून टाकलेले असतात. नागपूरकराला हे लहानपणापासून माहीत आहे, पण टीव्हीवरच्या लाल नकाशांनी आपली नजर बदलून टाकली आहे.

याच सुमारास ताईंनी टर्नर हा इंग्रज आणि मोने हा फ्रेंच अशा दोन जुन्या निसर्गचित्रकारांची चित्रं क्रमाने दाखवली. ॲना ली ऑलब्राइट आणि पीटर हायबर्स या हवामान अभ्यासकांनी २०२३ मध्ये या दोघांच्या शंभराच्या आसपास चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लंडन-पॅरिसच्या हवेत कोळशाच्या धुरातला गंधक वाढत गेला तसतशा या चित्रांतल्या कडा पुसट होत गेल्या आणि रंग पांढुरके होत गेले, असं त्यांना आढळलं. त्या चित्रकारांनी हवेत जे दिसलं ते रंगवलं, आणि आज ती चित्रं त्या काळच्या हवेची साक्ष देतात. भूगोलाची बाई म्हणून मला या एका गोष्टीनं फार बळ दिलं. अमूर्ताकडे झुकणारं चित्रही पुरावा होऊ शकतं, जर काढणाऱ्यानं प्रामाणिकपणे पाहिलं असेल.

ताईंनी मग माझे तीन पांढरे वेगळे करायला शिकवले. झिंक व्हाइट पातळ आणि पारदर्शकाकडे जाणारा असतो. त्यात पोपटी रंगाचा किंचित अंश घालून फुलांचा थर झाला. टायटॅनियम व्हाइट खालचं सगळं झाकून टाकतो; तो पॅलेट नाइफने जाड, फटकारे मारत लावला, त्या गारा. दुपारच्या उन्हासाठी खडूच्या भुकटीत थोडी राख-करडी छटा मिसळून, जवळजवळ कोरड्या ब्रशने पूर्ण चित्रावर घासून घेतली. खालचे हिरवे आणि नारिंगी दिसतात, पण त्यांचा जीव गेलेला दिसतो. जवळून पाहिलं तर नुसता पांढरा कॅनव्हास वाटतो, चार पावलं मागे गेलं की थर उलगडतात.

बाकी दाखवलेल्या चित्रांबद्दल थोडक्यात. एड हॉकिन्स या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञांचे २०१८ मधले तापमानाचे पट्टे सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेले असतात. एक पट्टा म्हणजे एक वर्ष, निळ्याकडून गडद लालकडे, ना अक्ष ना आकडा. आलेखालाच चित्र करण्याची ती कल्पना फार मोलाची आहे, पण तिची नक्कल करू नका असं ताई बजावतात, आणि ते योग्य आहे. गायतोंडे आणि रझा हे आपले नावाजलेले अमूर्त चित्रकारही दाखवले. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ मध्ये नागपुरातच झाला आणि सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत शिकले, हे आपल्याच गावातल्या कितीतरी लोकांना माहीत नसतं. दोघांच्या चित्रांवर हवामानबदल लादायचा नाही, हे ताईंनी स्पष्ट सांगितलं. तो त्यांचा विषय नव्हता. गायतोंडे पाहायचे ते थर चढवणं आणि खरवडून काढणं शिकण्यासाठी, रोलर आणि नाइफने उजेड कसा आतून येतो ते समजण्यासाठी. रझा पाहायचे ते मंडल्याच्या जंगलातलं बालपण पुढे आयुष्यभर नुसत्या रंगांतून कसं येत राहिलं त्यासाठी.

एका रविवारी वर्गात चांगलाच वाद झाला. तुकडीतल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलानं आपल्या चित्रात मोठा ५६ हा आकडा घातला होता. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंशांची नोंद दिसली आणि ती देशभर पसरली, हे बहुतेकांना आठवत असेल. पण तो सेन्सरचा बिघाड होता, असं हवामान खात्यानं नंतर सांगितलं. नागपूरचं नोंदलेलं सर्वाधिक तापमान ४७.९ अंश आहे, २३ मे २०१३ चं. मी हे सांगितल्यावर मुलगा म्हणाला, "मॅडम, लोकांना धक्का तर बसला ना? मग काय फरक पडते?" फरक पडतो. खोट्या आकड्यावर बसलेला धक्का आकडा खोटा निघाला की उतरतो, आणि सोबत खऱ्या आकड्यावरचा विश्वासही घेऊन जातो. ताईंनी निकाल दिला नाही. कॅनव्हासच्या मागे ५६ चं कारण लिहा, एवढंच त्या म्हणाल्या. त्यानं बराच वेळ पेन हातात धरलं आणि मग आकड्यावर पांढऱ्याचा पातळ हात फिरवला. आता तो ५६ अर्धवट दिसतो, आणि मागे त्यानं खरी हकीकत लिहिली आहे. त्या तुकडीतलं ते सर्वांत विचारपूर्वक झालेलं चित्र आहे असं मला वाटतं.

आता सामानाबद्दल, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात चित्र काढणाऱ्याला याची गरज पडेल. ॲक्रिलिक रंगातलं पाणी उडून गेलं की रंग बसतो. मे महिन्यात हे पाहता पाहता होतं. पॅलेटवर काढलेल्या रंगावर बोलता बोलता साय धरते आणि कॅनव्हासवर दोन रंग एकमेकांत मिसळायला सवड मिळत नाही. ताईंची पद्धत साधी आहे. स्टीलच्या डब्याच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. हाताशी पाण्याचा फवारा. मोठ्या भागावर काम असेल तर रंगात थोडं रिटार्डर (रंग उशिरा वाळवणारा द्रव), पण जपून, कारण जास्त झालं तर थर चिकटच राहतो. कूलरची दमट हवाही मदत करते.

मातीचा भाग मला सगळ्यांत आवडला. ताई आपापल्या जागेची माती आणायला सांगतात. मी बागेतली काळी माती नेली. ती वाळवायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची आणि मिडियममध्ये कालवून थर द्यायचा. काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की आकसते. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. मिडियम भरपूर घातलं तर थर गुळगुळीत बसतो. कमी घातलं तर कॅनव्हासवरही भेगा पडतात. कुठे किती घालायचं ते आपण ठरवायचं, पण भेग कुठून कुठे जाईल ते माती ठरवते. माझ्या चित्राच्या खालच्या भागात बागेचीच माती बागेसारखी फाटली आहे. त्या भागाला हात लावायला लोक पुढे होतात, आणि मी लावू देते.

एक प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला होता. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच. ब्रश धुतलेलं पाणी मोरीतून नाग नदीत जाणार असेल तर हवामानाची चित्रं काढून आपण काय मिळवलं? ताईंकडे याचं उत्तर तयार होतं. पडवीच्या कोपऱ्यात बादल्या आहेत. ब्रश आधी कापडाला पुसायचा, मग बादलीत धुवायचा. त्या पाण्यात तुरटी आणि चुना घालतात, रंगाचा गाळ खाली बसतो, वरचं पाणी गाळून घेतात आणि गाळ सुकवून वेगळा ठेवतात. मोरीत रंग जाऊ देत नाहीत. चित्र शिकवणाऱ्या प्रत्येकानं हे करावं असं मला मनापासून वाटतं. यात खर्च जवळजवळ काहीच नाही.

तुकडीतल्या दोघांबद्दल सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. एक उमरेडचे काका, उघड्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. त्यांचं चित्र उभं, अरुंद. वर बोटभर हिरवा-तपकिरी पट्टा, त्याखाली ओबीच्या (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या) ढिगाऱ्यांचे करडे-पिवळे थर आणि खाली खोल काळा. काळ्यासाठी त्यांनी कोळशाची भुकटी मिडियममध्ये बांधून वापरली. "जिंदगीभर हेच काढलं मॅडम, आता लावून पाहून राहिलो," ते मला म्हणाले. कोराडी-खापरखेड्याची कोळशावरची वीज आपण सगळेच वापरतो. काकांनी त्या काळ्या थराकडे ना अपराधानं पाहिलं, ना अभिमानानं. किती खोल गेलो ते नीट मापात दाखवलं. वरचा हिरवा पट्टा किती जाड ठेवायचा यावर त्यांनी दोन रविवार घालवले असतील. वर्गात कोणीही त्यांना घाई केली नाही, याचं मला कौतुक वाटतं.

दुसरी, डागा लेआउटमध्ये राहणारी एक तरुण आर्किटेक्ट. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा तिच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. तिनं सुरुवातीला पूर्ण कॅनव्हास गढूळ तपकिरी केला होता. ताईंनी पुन्हा तोच प्रश्न केला: हा तपकिरी कशाचा? मग आमची चर्चा झाली. हवा एक अंशानं तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पाऊस पडतो तेव्हा कमी वेळात जास्त कोसळण्याची शक्यता वाढते. पण घरात पाणी शिरलं ते नुसतं आकाशामुळे नाही. नदीचं पात्र किती अरुंद झालं, पाणी मुरायला माती कुठे शिल्लक राहिली, हेही तितकंच मोठं कारण. तिनं तपकिरीवर सिमेंटचा करडा चढवला, चौकोनी, कोरड्या कडांचा, आणि तपकिरीला वाहायला एक चिंचोळी फट ठेवली. दोन्ही कारणं एका चित्रात आली. मी वर्गात एक तास बोलून जे समजावते ते त्या फटीकडे पाहून कळतं.

शेवटी जवळच्याच एका वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन असतं. इथे मला तक्रार आहे. चित्रांखालची माहिती फक्त इंग्रजीत होती. भाजीबाजारातून पिशवी घेऊन सहज आत आलेल्या बाया पाट्यांकडे पाहून पुढे जात होत्या. मी आणि काकांनी मिळून संध्याकाळपर्यंत मराठी चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या, तेव्हा लोक थांबायला लागले, विचारायला लागले. ज्या लोकांना उन्हातच काम करावं लागतं त्यांच्यापर्यंत पोचायचं असेल तर मराठी आणि हिंदी पाट्या पहिल्यापासून असाव्यात. ताईंनी ते मान्य केलं आहे. दुसरं म्हणजे कॅनव्हासच्या मागचा मजकूर भिंतीकडे तोंड करून राहतो. जी अट या वर्गाचा कणा आहे तीच प्रदर्शनात झाकली जाते. तो मजकूर समोर आणायलाच हवा. तिसरं, इतकं सांगूनही काही चित्रं लाल-केशरीच होती आणि शेजारी शेजारी लावल्यावर ती एकाच हातची वाटत होती. तिथे ताईंनी आणखी कडक व्हायला हवं होतं.

दादा काटोलहून प्रदर्शनाला आला होता. अमूर्त चित्र त्यानं यापूर्वी समोर उभं राहून कधी पाहिलं नव्हतं, आणि मी मुद्दामच काही सांगितलं नाही. तो जवळ गेला, मागे आला, पुन्हा जवळ गेला. मग जाड पांढऱ्या फटकाऱ्यांवर बोट ठेवून म्हणाला, "हे गारा व्हय ना वं? फुलावर पडलेल्या." मी हो म्हटलं. "बाबाच्या वहीत असन लिहून." त्यानंतर तो बराच वेळ बोलला, माझ्याशी आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसांशीही: मृग बहाराचा भरवसा कसा राहिला नाही, ताण मोडला की वर्ष कसं जातं, शेजारच्या शेतकऱ्यानं संत्रा काढून काय लावलं. हवामानबदल हा शब्द त्याच्या तोंडी आला नाही. पण ऐकणाऱ्यांना जे कळलं ते तेच होतं. बागेचा फोटो लावला असता तर लोक 'छान बाग आहे' म्हणून पुढे गेले असते, असं मला ठामपणे वाटतं. ओळखीचं काहीच दिसत नाही म्हणून माणूस विचारतो, आणि उत्तर द्यायला शेतकरी तिथं उभा असला तर याहून चांगला धडा नाही.

कॉलेज सुरू झाल्यावर मी तो कॅनव्हास वर्गात नेला. सगळ्यांवर परिणाम झाला असं सांगणार नाही. मागच्या बाकांवरच्या काहींना ती नुसती नक्षी वाटली. पण यंदा आलेख नंतर दाखवला, चित्र आधी. पांढऱ्याखाली काय आहे हे विचारता विचारता मुलं आपापल्या गावाचे रंग सांगायला लागली. नरखेडकडचा एक मुलगा पुढच्या तासाला आजोबांनी लिहिलेली विहिरीच्या पाण्याची नोंद घेऊन आला. आता आमच्या वर्गात भिंतीवर तिचा आलेख आहे, आणि तो मुलांनी स्वतः काढलेला आहे.

कोणी जावं? शिक्षकांनी तर नक्की जावं. शेतीशी, खाणीशी, नदीशी नातं असलेल्यांनी जावं; चित्रकला येत नसली तरी चालते. ज्यांना घरच्या भिंतीसाठी सुंदर चित्र हवं आहे त्यांचा इथे हिरमोड होईल, कारण ताई सुंदर दिसणारा भाग बिनदिक्कत खरवडायला लावतात. ज्यांच्याकडे जुन्या नोंदी नाहीत त्यांना सुरुवातीचे रविवार अवघड जातात, आणि हवामान खात्याची आकडेवारी कशी वाचायची हे ताई फारसं शिकवत नाहीत. ती त्यांची बाजू नाही. पुढच्या तुकडीला त्यासाठी एक सकाळ मी येते असं मी त्यांना सांगितलं आहे.

पावसाळी तुकडी मृग लागला की सुरू होते. सात-आठ जणांचीच जागा असते, त्यामुळे आधी जाऊन नाव द्या. सोबत जाड आणि मऊ असे दोन्ही ब्रश, जुना सुती कपडा, आपल्या जागेची ओंजळभर वाळलेली माती आणि घरात असेल ती जुनी वही न्या. वहीची झेरॉक्स काढून न्या, मूळ नको. तिथं सगळ्यांचे हात रंगाचे असतात.